न आटणारा हातपंप

संपादकांनी सांगितलं होतं, लातूरची पोरं रात्री संगणकावर कसले खेळ खेळतात ते बघून या. मी बंदुकांबद्दल लिहायच्या तयारीनं गेले. औसा रोडवरच्या एका गेमिंग कॅफेत तीन तास बसले आणि डोक्यात राहिला तो एक हातपंप.

खेळाचं नाव 'डे-झी'. डीन हॉल हा न्यूझीलंडचा सैनिक. ब्रुनेईच्या जंगलात तगून राहण्याचं प्रशिक्षण घेताना त्याचं शरीर पार खचलं. त्या अनुभवातून २०१२ साली त्यानं 'आर्मा २' या युद्धखेळाला जोड म्हणून हा खेळ रचला. पुढे झेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हनं तो स्वतंत्र केला. पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०१८ची. आपल्या घराघरात पोचलेल्या 'पबजी'चा कर्ता ब्रेंडन ग्रीन यानंही सुरुवात याच खेळात फेरफार करून केली होती.

चेर्नारस नावाचा काल्पनिक देश; खेळातला नकाशा सुमारे २२५ चौरस किलोमीटरचा. रोगानं माणसं संपलेली, चेर्नोगोर्स्क शहर ओस पडलेलं. त्यात तुमच्यासारखेच जिवंत खेळाडू, रिकाम्या हातांनी. मेलात की सगळं गेलं; पुन्हा समुद्रकिनाऱ्यापासून सुरुवात.

पडद्याच्या कोपऱ्यात तहानेचं एक चिन्ह असतं. तुम्ही धावलात की ते लवकर उतरतं. तळ्याचं पाणी तसंच प्यायलात तर कॉलरा. उकळा, नाहीतर क्लोरीनची गोळी टाका. तहानेचा हिशेब सर्व्हरकडे असतो, खेळणाऱ्याच्या यंत्राकडे नाही, त्यामुळे लबाडी चालत नाही. गावात हातपंप दिसला की खेळाडू ओंजळ धरून पितो. इतक्या बारकाईनं तहान मोजणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही.

शेजारी दोघं बसले होते. नांदेडचा पोरगा बंदूक शोधत सुसाट निघाला. लातूरचा ओरडला, "बाटली भर की आधी! कुठं पळायलास?" नांदेडच्या पोरानं उशापाशी गोदावरी पाहिलेली. हा लातूरचा २०१६ साली चौथीत होता. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या ठिकाणी १४४ कलम, आणि हा आईबरोबर टँकरपाशी घागर धरून उभा.

"मॅडम, हा पंप कधीच आटत नाही," तो म्हणाला. "कितीबी प्या. हे खोटं वाटतंय मला."

म्हणून तो स्वतःचा नकाशा बनवतोय. बोहेमियानं त्यासाठीची साधनं फुकट दिलेली आहेत. त्याचं ओसाड शहर म्हणजे लातूरची गंजगोलाई: मधोमध गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे १६ रस्ते. कुठल्या रस्त्यानं कोण येईल सांगता येत नाही. अशा खेळाला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

आतापर्यंत ४ रस्ते झालेत. ग्राफिक्स कार्ड जुनं, एक इमारत वाढवली की पडदा अडखळतो. वीज गेली की न साठवलेलं काम जातं. घरच्यांना वाटतं पोरगा नीटच्या क्लासला बसलाय. परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या 'लातूर पॅटर्न'च्या गावात नकाशे बनवणं हा अभ्यास धरला जात नाही. पुण्यात सुपरगेमिंगनं 'इंडस' हा खेळ २०२४ साली बाजारात आणला, पण त्यामागे पूर्ण कंपनी होती. हा एकटा आहे, आणि त्याची मला काळजी वाटते.

सगळ्यात अवघड काम पंपाचंच. पाणी मोजून ठेवायचं तर सर्व्हरला प्रत्येक ओंजळ वजा करावी लागेल. पहिले आलेले पिऊन घेतील, मागून येणाऱ्याला कोरडा दांडा मिळेल. मग पंपावर पहारा बसेल, मारामाऱ्या होतील. ते त्याला चालणार आहे. अडलंय ते पुढं: आटलेला पंप पुन्हा भरायचा कसा? पाऊस त्याला नको आहे. त्यानं मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे घ्यायचं ठरवलंय, १२ एप्रिल २०१६ला लातुरात पोचलेली. पहिल्या खेपेला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर. नंतर ५० झाल्या.

निघताना त्यानं विचारलं, "१० ठेवू का ५० मॅडम?"