मायभूमि कोणती?

विद्यार्थिमित्रहो, मोर्शीसारख्या गांवांतून दरवर्षीं कित्येक तरुण शिक्षणासाठीं वा उद्योगासाठीं अमरावतीस, नागपुरास, पुण्यास जातात. कोणी समुद्रापलीकडेहि जातात. "परत केव्हां येणार?" हा प्रश्न त्यांच्या आईबापांच्या ओठीं असतो. तो वाटतो तितका सोपा नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांतील एका लहानशा समाजास तो फार कठीण प्रसंगीं सोडवावा लागला. तो समाज म्हणजे कोंकणांतील बेने इस्राएल.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटलें व त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढें हे लोक तेल गाळण्याचा धंदा करूं लागले. शनिवारीं, म्हणजे शब्बाथ दिवशीं, ते घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी झाली. दिवेकर, केहीमकर, पेणकर अशीं आडनांवें गांवांवरून पडलीं. १७९६ सालीं सॅम्युएल दिवेकर यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान बांधलें. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानें १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण रचलें, त्याचाहि त्यांस उपयोग झाला. धर्मावरून त्यांचा येथें छळ झाला नाहीं, ही गोष्ट आपणां सर्वांस भूषणावह आहे.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें. पूर्वजांच्या भूमींत परत जाण्याची आशा या लोकांनीं शतकानुशतकें प्रार्थनेंत बाळगली होती. १९५० च्या कायद्यानें प्रत्येक यहुद्यास तेथें येऊन राहण्याचा हक्क मिळाला, आणि अनेक कुटुंबें कोंकण व मुंबई सोडून निघालीं. त्यांच्या दृष्टीनें हें देशत्याग करणें नव्हतें. तें घरीं परतणें होतें.

परंतु घर म्हणून जेथें गेले, तेथें कित्येकांस परकेपण अनुभवावें लागलें. नवें राष्ट्र गरीब होतें. अन्न, निवारा, काम यांची टंचाई होती. बेरशेबा येथें वसविलेल्या कांहीं कुटुंबांची तक्रार मात्र टंचाईची नव्हती. रंगावरून आपणांस हीन लेखलें जातें, अशी होती. त्यांनीं तेल अवीव येथें धरणें धरिलें व "आम्हांस भारतांत परत पाठवा" अशी मागणी केली. अखेर १९५२ सालीं सुमारें दीडशें माणसें मुंबईस परत आलीं.

गोष्ट येथें संपली असती, तर बोध सोपा होता. पण परतलेल्यांपैकीं बहुतेकांनीं पुढें पुन्हां इस्राएलास जाण्याची परवानगी मागितली! याला कोणी चंचलपणा म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. जो एकदां घर मोडून निघाला, त्याला परत आल्यावर जुनें घर जसेंच्या तसें सांपडत नाहीं. आणि त्याचें मनहि पूर्वीचें राहिलेलें नसतें.

गेलेल्यांची परीक्षा त्यानंतरहि झाली. १९६२ सालीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं, विवाहापूर्वीं बेने इस्राएलांच्या कुळाची चौकशी करावी, असा आदेश काढला. या वेळीं त्यांनीं परत जाण्याची नव्हे, तर समान मानाची मागणी केली. १९६४ सालीं त्यांनीं यरुशलेमेंत चळवळ केली, आणि त्याच वर्षीं तेथील संसदेनें ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असें जाहीर केलें. आज त्यांपैकीं बहुतेक तेथेंच स्थायिक आहेत. तरी त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक तेथें चालविलें, आणि एलिया संदेष्ट्याच्या नांवें मलिदा करण्याची कोंकणांतील चाल सोडली नाहीं. इकडे जे थोडे हजार राहिले, त्यांस महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

शास्त्रांत नामी बेथलेहेमास परतली, आणि रूथ स्वतःचा देश सोडून तिच्याबरोबर गेली. दोघी एकाच वाटेनें चालल्या. एकीचें तें परतणें होतें, दुसरीचें निघणें. पण बेथलेहेमानें त्या परकीला शेतांत सरवा वेंचूं दिला, म्हणून तें तिचेंहि गांव झालें.

म्हणून पालकहो, दूर गेलेल्या मुलास केवळ परतीची तारीख विचारूं नका. तो आला तर त्याला येथें काम व मान मिळेल कीं नाहीं, याचाहि विचार करा. आणि मुलांनो, तुमच्या वर्गांत परगांवाहून नवा विद्यार्थी आला, तर त्याला बांकावर जागा द्या. माणसाची मायभूमि तेथूनच सुरू होते.