बर्फाने वेदना थांबते, दुखापत नव्हे

मुका मार लागला की बर्फ लावा, हा सल्ला ज्यांनी लोकप्रिय केला त्यांनीच पुढे त्याबद्दल शंका घेतली. विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंच ठेवणं ही चतुःसूत्री अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ साली मांडली. २०१४ मध्ये मात्र त्यांनी लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे बरं होणं लांबू शकतं. कारण सूज ही केवळ पीडा नसते. रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी फाटलेले तंतू साफ करतात आणि नव्या पेशी वाढवणारी द्रव्यं सोडतात. बर्फाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तेव्हा या कामगारांचीच वाट अडते. मग मैदानावर दुखऱ्या जागी थंड फवारा मारला की खेळाडू लगेच धावतो, ते कसं? थंडीने मज्जातंतूंचे संदेश मंदावतात, म्हणून. दुखापत जागच्या जागी असते, आणि बधिर पायावर धावणं तर धोक्याचंच. तरीही बर्फाला हद्दपार करायचं कारण नाही. त्याच्यावरचा आक्षेप बराचसा प्राण्यांवरच्या प्रयोगांवर उभा आहे, आणि ताज्या मुरगळण्याचा ठणका सोसत बसण्यात काही शहाणपण नाही. पहिल्या काही तासांत, फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं बर्फ धरावा, तो वेदनेसाठी. दिवसचे दिवस नको.

‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शेकच देतात, आणि गुण येतो,’ असं कुणी म्हणेल. येतोच, पण कशाला? कंबरेत उसण भरली, मान आखडली, की तिथे बहुधा ताजी सूज नसते. स्नायू आवळलेले असतात आणि उबेने ते सैल पडतात. कंबरदुखीवरच्या संशोधनांचा कॉक्रेन या संस्थेचा २००६ चा आढावाही हेच सांगतो : उबेने थोड्या काळापुरता आराम पडतो, थंडीबद्दल मात्र पुरेसा पुरावा नाही. तीच गरम पिशवी नुकत्याच मुरगळलेल्या, टम्म फुगलेल्या घोट्यावर ठेवली तर रक्तवाहिन्या रुंदावून सूज वाढू शकते. शेक चुकतो तो बहुधा वेळेत. ठणका ओसरल्यावर खरा उपाय म्हणजे सोसवेल तितकी हालचाल, आणि घराघरांत नेमकी तीच टाळली जाते. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, तर बर्फ आणि शेक दोन्हींपासून लांब राहा. चटका बसलेला कळतही नाही. आणि मुरगळलेल्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर हा वाद बाजूला ठेवून आधी एक्स-रे काढून घ्या.