छंदाला गुण मिळतात, वेळ मिळत नाही

दहावीचा निकाल जाहीर झाला की हल्ली एका आकड्याची हमखास चर्चा होते. शंभर टक्के गुण मिळवणारे विद्यार्थी किती? २०१७ मध्ये राज्यात असे १९३ विद्यार्थी होते, २०२५ मध्ये २११. या २११ जणांपैकी ११३ जण एकट्या लातूर विभागातील होते. भाषेच्या आणि समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिकेतही एक गुण कापला जात नाही, हे कसे, असा प्रश्न जुन्या पिढीतील अनेकांना पडतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे सहापैकी पाच विषयांचे गुण धरणारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ पद्धत आणि दुसरी म्हणजे कला व क्रीडा यांसाठी मिळणारे वाढीव गुण. चित्र काढणे, तबला वाजवणे, मैदानावर खेळणे यांना अशा रीतीने गुणपत्रिकेत अधिकृत स्थान मिळाले आहे. तरीही नववी-दहावीतील मुले असलेल्या घरांत छंदावरून होणारे वाद थांबलेले नाहीत.

हे गुण कसे मिळतात, ते आधी पाहू. शालेय शिक्षण विभागाच्या २४ नोव्हेंबर २०१७ च्या निर्णयानुसार इंटरमीजिएट ग्रेड ड्रॉइंग परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवणाऱ्यास ७, ‘ब’ श्रेणीस ५ आणि ‘क’ श्रेणीस ३ गुण ठरवण्यात आले. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तीन परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास १० आणि पाच परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास १५ गुण, लोककलेचे २५ प्रयोग सादर करणाऱ्यास ५ आणि ५० प्रयोग करणाऱ्यास १० गुण. खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार कमाल २५ गुणांपर्यंत लाभ मिळतो. त्याच वर्षीच्या जानेवारीतील निर्णयात चित्रकलेचे गुण याच्या दुपटीच्या घरात होते. जूनमध्ये १९३ जणांना शंभर टक्के मिळाले, टीका झाली आणि वर्ष संपण्याआधी गुण खाली आणण्यात आले.

या योजनेमागचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. ‘दहावीत रंगपेटी माळ्यावर’ असा दंडक असलेल्या घरांत चित्रकलेला निदान नववीपर्यंत जीवदान मिळाले. आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमीजिएट असा क्रम आता शहरांतील मराठी घरांत रूढ झाला आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचा सराव करून घेणारे वर्ग गल्लोगल्ली चालतात आणि त्यांची फी भरताना पालक फारशी खळखळ करत नाहीत. कारण सात गुणांचा अर्थ त्यांना नेमका ठाऊक असतो. पाचशेपैकी सात म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. नामांकित कनिष्ठ महाविद्यालयाची प्रवेशयादी अर्ध्या टक्क्यावर अडते, तेथे हा दीड टक्का मोठा ठरतो.

पण मुलांच्या साऱ्याच आवडी शासन निर्णयात बसत नाहीत. कोणी वहीच्या मागच्या पानांवर व्यंगचित्रमालिका काढत असते, कोणी मोबाइलवर लघुपट जुळवते, कोणी पहाटे उठून खाडीवर पक्षी पाहायला जाते. कोणाला गोष्टी लिहायच्या असतात, तर कोणाला सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घालायचे असतात. यांतल्या एकाही गोष्टीचे प्रमाणपत्र शाळेमार्फत मंडळाकडे पाठवता येत नाही. परिणामी छंदांचीही आता उतरंड लागली आहे. प्रमाणपत्राचा छंद हा ‘उपक्रम’ ठरतो आणि बिनप्रमाणपत्राचा ‘टाइमपास’. एकाच घरात तबल्याच्या वर्गाला जाणाऱ्या थोरल्याचे कौतुक होते आणि गिटारवर चित्रपटगीते वाजवणाऱ्या धाकट्याला ‘आधी अभ्यास’ ऐकावे लागते.

प्रमाणपत्राच्या छंदातही मुलाची आवड पुरती जपली जातेच असे नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण अशा पायऱ्यांनी चढत जातात. ही रचना गाणे शिस्तीने शिकता यावे म्हणून झाली. दहावीपूर्वी तीन किंवा पाच पायऱ्या गाठण्याचे गणित त्यावर नंतर चढले. मग परीक्षेचे राग तेवढे पक्के केले जातात आणि हवे ते प्रमाणपत्र हाती आले की पेटी मिटते.

बक्षीस आणि आवड

बक्षिसामुळे आवड वाढते की घटते, या प्रश्नाचा मानसशास्त्रज्ञांनी बराच पाठपुरावा केला आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर थेट चित्रकलेशी निगडित आहे. बालवाडीतील ज्या मुलांना रंगीत स्केचपेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, अशांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला ‘चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल’ असे आधीच सांगण्यात आले. दुसऱ्या गटाला तेच प्रमाणपत्र पूर्वकल्पना न देता, चित्र काढून झाल्यावर देण्यात आले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच स्केचपेने वर्गात मोकळी ठेवली, तेव्हा आधी आश्वासन मिळालेली मुले चित्रांमध्ये इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. याचा अर्थ प्रमाणपत्रामुळे नव्हे, तर प्रमाणपत्रासाठी चित्र काढल्यामुळे फरक पडला.

बालवाडीतील मुलांचा निष्कर्ष चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना जसाच्या तसा लावणे योग्य नाही. तरीही इंटरमीजिएटचा निकाल लागल्यावर ब्रश बाजूला ठेवणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रयोग ओळखीचा वाटेल.

किशोरवयात आवडीला आणखी एक अर्थ असतो. ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर याच वयात शोधले जाते, असे एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडले आणि ते विवेचन आजही अभ्यासले जाते. शाळेतील हजेरीपटावरचा क्रमांक आणि टक्केवारी ही ओळख दुसऱ्यांनी दिलेली असते. ‘चांगली बासरी वाजवणारा’, ‘हँडबॉलच्या संघातली गोलकीपर’ ही ओळख मुलाने स्वतः कमावलेली असते. ती काढून घेतली की मूल अभ्यासाला अधिक वेळ देईल, हा पालकांचा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. प्रत्यक्षात मोकळा झालेला तो तास बहुतेक वेळा मोबाइलच्या पडद्यावर जातो, याची कबुली पालकच देतात.

चोवीस तासांचा हिशेब

वादाचे खरे मूळ वेळेत आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयोगटासाठी ८ ते १० तास झोपेची शिफारस केली. कमीत कमी ८ तास धरले, शाळेचे ६, शाळा-क्लासच्या येण्या-जाण्याचा दीड, क्लासचे ३, गृहपाठ आणि स्वाध्यायाचे २ आणि आंघोळ-जेवणखाणाचे २ तास मिळवले, तर साडेबावीस तास होतात. उरला दीड तास. मुंबईच्या उपनगरांत मैदान किंवा संगीताचा वर्ग अर्ध्या तासाच्या अंतरावर असला, तर त्यातलाही एक तास जाण्या-येण्यातच संपतो. हा दीड तास मुलगा आपला मानतो, आई-बाबा अभ्यासाचा राखीव साठा मानतात आणि क्लासवाले जादा तासिकांसाठी धरून चालतात. मग तो बहुधा झोपेतून काढला जातो.

वाद पेटतो तो गैरसमजामुळेही. पालकांना वाटते, मुलाला अभ्यास नको आहे. मुलाला वाटते, घरच्यांना आपली कला नको आहे. बऱ्याचदा दोन्ही खोटे असते. हिशेब मात्र कोणीच मांडून पाहिलेला नसतो.

शाळेतही निराळे चित्र नाही. चित्रकला आणि शारीरिक शिक्षण हे वेळापत्रकातले विषय आहेत, पण दिवाळीनंतर दहावीच्या वर्गात हे तास गणिताच्या सरांनी किंवा विज्ञानाच्या बाईंनी ‘मागून घेणे’ इतके अंगवळणी पडले आहे की मुलेही तक्रार करत नाहीत. याचा सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे, पण अन्यायाचे आहे. शाळेची पत शंभर टक्के निकालावर ठरते, फलकावर छायाचित्रे गुणवंतांची लागतात आणि वर्गातला एक विद्यार्थी नापास झाला तर जाब विषयशिक्षकाला द्यावा लागतो. ज्या शाळेत गॅदरिंगच्या नाटकात काम करणाऱ्या मुलांसाठी बुडालेल्या तासांची उजळणी पुढल्या आठवड्यात घेतली जाते, तेथे हा ताण कमी होतो. अशी व्यवस्था लावणारे शिक्षक आहेत, मात्र ती त्यांनी स्वतःच्या वेळेतून लावलेली असते.

पालकांच्या भीतीलाही इतिहास आहे. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे उघडली गेली आणि मध्यमवर्गीय मराठी घराला दोन दशकांत वर नेणारा जिना सापडला. आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेले अनेक आई-बाबा त्याच जिन्याने वर आले. आपण जे केले ते मुलाने करावे, या आग्रहात हट्टापेक्षा अनुभव अधिक आहे. फरक एवढाच की अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश आता जेईई, नीट आणि सीईटीवर ठरतात. दहावीचे गुण मुख्यतः अकरावीच्या प्रवेशापुरते कामी येतात. तरीही ‘फाउंडेशन’च्या नावाने आठवीपासून क्लास लावले जातात. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग संस्थांसाठी काढली. तिचा या क्लासच्या जाहिरातींवर फारसा परिणाम दिसत नाही.

या दबावाचे माप एनसीईआरटीच्या पाहणीत मिळते. जानेवारी ते मार्च २०२२ या काळात सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यात आले. चिंतेचे कारण म्हणून ५० टक्के मुलांनी अभ्यासाचे, तर ३१ टक्के मुलांनी परीक्षा व निकालाचे नाव घेतले. प्राथमिकोत्तर वर्गांतून माध्यमिकमध्ये जाताना शालेय आणि वैयक्तिक जीवनाविषयीचे समाधान घटते, असेही त्यात आढळले.

सचिनचे उदाहरण

अशा वादात घरोघरी सचिन तेंडुलकरचा दाखला निघतो. ‘त्याच्या घरच्यांनी नाही अडवले,’ असे मुलगा म्हणतो. ‘तू सचिन आहेस का,’ असे बाबा विचारतात. त्या उदाहरणातला उपयोगी भाग दोघांच्याही नजरेतून सुटतो. वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते. त्यांनी केवळ परवानगी दिली नाही, तर सोय केली. थोरला भाऊ अजित त्याला रमाकांत आचरेकर यांच्याकडे घेऊन गेला. सरांच्या सल्ल्यावरून वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात नाव घातले गेले. प्रवासात वेळ आणि ताकद जाऊ नये म्हणून मुक्काम शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे हलवला गेला. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात विनोद कांबळीबरोबर ६६४ धावांची भागीदारी झाली, ती या सगळ्या जुळवाजुळवीनंतर.

प्रत्येक घराला शाळा बदलणे शक्य नाही आणि तशी गरजही नसते. परंतु ‘खेळू द्यायचे की नाही’ या प्रश्नाऐवजी ‘किती वाजता, कोठे, कोणाबरोबर’ असे प्रश्न विचारले, तर बोलणे भांडणावर न जाता वेळापत्रकावर येते. आठवड्यातले ठरावीक दोन दिवस छंदाचे, चाचणी परीक्षेच्या आठवड्यात सुटी आणि गुण घसरले तर छंद बंद करण्याऐवजी कोणता विषय अडतो आहे याची आधी चौकशी, असा करार काही घरांत होतो. तो पाळण्याची जबाबदारी मग मुलावरही येते. पूर्वपरीक्षेच्या आधी तालीम एक महिना थांबवावी लागली तर ती थांबवण्याची तयारी त्याने दाखवायला हवी. ज्यांचा शब्द आजवर पाळला गेला आहे, ती मुले याला सहसा नकार देत नाहीत.

अडचण येते ती शब्द पाळला न गेल्यामुळे. ‘एवढी दहावी होऊ दे, मग काय हवे ते कर,’ हे आश्वासन बहुतेक घरांत दिले जाते आणि देताना ते मनापासूनच असते. लेखी परीक्षा मार्चमध्ये संपते. अकरावीचे वर्ग सुरू व्हायला त्यानंतर काही महिने असतात. मुलाच्या मनात हे महिने गिटारचे, पोहण्याचे किंवा नुसते लोळत पुस्तके वाचण्याचे असतात. क्लासच्या ‘व्हेकेशन बॅच’चा अर्ज मात्र शेवटचा पेपर होण्याआधीच भरलेला असतो. वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात, पहिल्या दिवशी हातात दोन वर्षांचे वेळापत्रक पडते आणि त्यात रविवारच्या सकाळी चाचणी असते.