सायकलवरून वऱ्हाड : पयनघाटापासून मेळघाटापर्यंत

दिवाळीची सुट्टी जवळ आली म्हणजे आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, यंदा सायकली कोणीकडे?" त्याच सुमारास पालकांचाही एक प्रश्न येतो : "सर, मुलें सुखरूप परततील ना?" दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पहिल्याचें उत्तर नकाशांत सांपडतें. दुसऱ्याचें मात्र जमीन, पाणी, वारा व चढ यांचें ज्ञान झाल्यावांचून देतां येत नाहीं. म्हणून या लेखांत दोहोंचा विचार एकत्रच करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम भूमीची रचना ध्यानांत घेऊं. पूर्वापार वऱ्हाडचे तीन भाग मानीत आले आहेत : उत्तरेस सातपुड्याचा डोंगराळ मेळघाट, मध्यें पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील सखल पयनघाट, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरील बालाघाट. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारें २८० मीटर, अमरावती सुमारें ३४० मीटर व परतवाडा सुमारें ३७० मीटर उंचीवर आहे. म्हणजे अमरावतीहून परतवाड्यास जातांना, मधले नाले सोडले तर, पन्नास किलोमीटरांत अवघी तीस मीटर उंची वाढते. ती पायांस कळतही नाहीं. परंतु परतवाड्यासमोरच्या डोंगरांतील चिखलदरा सुमारें १,१०० मीटरांवर आहे. पयनघाट हें जणूं घराचें अंगण व सातपुडा ही त्याची उत्तरेकडील भिंत होय.

अमरावती व अकोला यांना जोडणारा सरळ रस्ता म्हणजे बडनेरा, मूर्तिजापूर व बोरगांव मंजू यांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. याच मार्गावर लोणी ते माना या भागांत जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड पसरण्यांत आला व त्याची गिनीज विश्वविक्रमांत नोंद झाली. इतका गुळगुळीत रस्ता दाराशीं असतां आडवाटेला कां जावें, असें विद्यार्थी विचारतात. परंतु जो रस्ता मालमोटारीस सोयीचा तो सायकलीस सोयीचा असतोच असें नाहीं. वेगानें जाणारें अवजड वाहन शेजारून गेलें म्हणजे हवेच्या झोतानें हलकी सायकल प्रथम बाहेर ढकलली जाते व लगेच आंत ओढली जाते. याकरितां विद्यार्थ्यांस आम्ही हा मार्ग वर्ज्य ठरविला आहे.

नवशिक्यांस उत्तम मार्ग म्हणजे मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगांव व पथ्रोट यांवरून अचलपूर. याच दिशेनें "शकुंतला" या लाडक्या नांवानें ओळखली जाणारी अरुंदमापी आगगाडी धांवत असे. सुमारें ७६ किलोमीटरांच्या या वाटेस तिला चार तास लागत. आतां ती गाडी बंद पडली आहे. परंतु तिच्या रुळांची सोबत ठिकठिकाणीं दिसते. तिची चाल आणि दणकट सायकलस्वाराची चाल यांत फारसें अंतर नव्हतें, हें सांगितलें म्हणजे मुलांस मोठा हुरूप येतो.

मात्र याच वाटेवर वऱ्हाडांतील सर्वांत महत्त्वाचा धडा शिकावा लागतो, तो पाण्याचा. पूर्णेच्या दोन्ही तीरांस अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील शेंकडों गांवें "खारपाण पट्ट्यांत" मोडतात. नदीनें युगानुयुगें आणून टाकलेल्या चिकण गाळाचे येथें फार खोल थर आहेत. त्यांतून पाण्याचा निचरा नीट होत नाहीं, आणि क्षार जमिनींतच सांचून राहतात. त्यामुळें विहिरीस पाणी लागलें तरी तें खारें. वरून पाहावें तर काळीभोर जमीन, कपाशी, तूर, हरभरा ; कोठेंही उणें दिसत नाहीं. पण तहानलेल्या माणसानें हातपंप हापसला कीं खरी स्थिति जिभेस कळते.

ही स्थिति आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होती ; तरीही कांहीं वर्षांपूर्वीं आमची गफलत झाली. दहा विद्यार्थ्यांसह आम्ही दर्यापूरहून अंजनगांवाकडे निघालों होतों. वाटेंत गांवें आहेत तेथें पाणी मिळेलच, या भरंवशावर प्रत्येकाजवळ एकच बाटली घेतली होती. अकरा वाजतां बाटल्या रिकाम्या झाल्या. एका गांवीं हातपंप मिळाला, पण त्याचें पाणी पिववेना. पुढें दोन किलोमीटरांवर इयत्ता नववींतील एका मुलास घेरी आली व तो सायकलीसह रस्त्याच्या कडेस कोसळला. जवळच्या घरांतील एक माउली धांवत आली. तिच्या घरीं नळाचें पाणी तीन दिवसांनीं येणार होतें, व गोड पाण्याचा एकच माठ शिल्लक होता. तिनें एक शब्द न विचारतां तो आमच्यापुढें आणून ठेवला. मुलगा सावध झाल्यावर ती आम्हांस म्हणाली, "मास्तर, लेकरं घेऊन निंगता, अन् पाणी नाही घेत?" आमच्यापाशीं त्यास उत्तर नव्हतें. दोष सर्वस्वीं आमचा होता. भर दुपारीं विहिरीपाशीं बसून एका स्त्रीजवळ पाणी मागणाऱ्या प्रभूची गोष्ट आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविली आहे ; तिचा अर्थ आम्हांस त्या दारांत कळला. तेव्हांपासून प्रत्येकानें तीन लिटर पाणी व मीठ-साखरेची पुडी घेतल्यावांचून आम्ही शाळेचें फाटक ओलांडीत नाहीं.

अंजनगांव जवळ येऊं लागलें म्हणजे देखावा पालटतो. संत्र्यांचे व केळींचे मळे दिसूं लागतात, पानमळे लागतात. याचें कारण असें कीं, डोंगरांतून उतरणारे ओढे पायथ्याशीं येतांच मंदावतात व आपल्याबरोबरचे दगडगोटे, वाळू तेथेंच टाकतात. या भरड थरांत पावसाचें पाणी भराभर मुरतें, म्हणून पायथ्याच्या विहिरी गोड. तेथल्याच शहानूर धरणाचें पाणी नळांनीं खालच्या खारपाणांतील गांवांस पोंचविलें जातें. त्या माउलीच्या माठांतील पाणीही डोंगरानेंच दिलेलें होतें.

इतिहासाची आवड असणाऱ्यांनीं दुसरा मार्ग धरावा. अडगांवाहून अकोट, अंजनगांव व पथ्रोट यांवरून अचलपूरपर्यंत पायथ्यापायथ्यानें जाणारा हा रस्ता सुमारें सत्तर किलोमीटरांचा आहे. डाव्या हातास सातपुडा दिवसभर सोबत करतो. अडगांवाजवळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली यानें भोंसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबर रोजीं चिखलदऱ्याजवळील गाविलगड पडला. आणि ३० डिसेंबर रोजीं सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्यांनीं तहावर सही केली. महिन्याभरांत घडलेला हा इतिहास एका दिवसांत सायकलीवरून पाहतां येतो. बारा वर्षांनीं वॉटर्लूस नेपोलियनचा पाडाव करणारा वेलिंग्टन तो हाच. अकोटच्या उत्तरेस नरनाळा किल्ला आहे. परंतु तो व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दींत असल्यामुळें वनखात्याचे नियम पाळूनच तेथें जावें.

आतां राहिला घाट. अमरावतीहून वलगांव, आसेगांव व परतवाडा अशा वाटेनें चिखलदरा ऐंशी-पंचायशी किलोमीटर पडतो. वलगांवाजवळ पेढी नदीच्या पुलापाशीं २० डिसेंबर १९५६ रोजीं संत गाडगेबाबांनीं देह ठेविला. हातीं खराटा घेऊन गांवोगांव पायीं हिंडणाऱ्या त्या पुरुषाचें स्मरण करून दोन मिनिटें थांबावें, व आपण खाल्लेल्या केळ्यांच्या साली रस्त्यावर राहिल्या नाहींत ना, हें पाहावें. पहिला मुक्काम परतवाड्यास करून दुसऱ्या दिवशीं पहांटे धामणगांव गढीवरून घाट चढावा.

सपाटीवर सायकलस्वाराचा शत्रु वारा, आणि घाटांत त्याचें स्वतःचें वजन. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून सपाटीवर एकामागें एक ओळीनें जावें व पुढची जागा आळीपाळीनें घ्यावी. घाटांत ही युक्ति चालत नाहीं. परतवाड्यापासून सातशें मीटरांहून अधिक उंची गांठावयाची, म्हणजे स्वतःस व सायकलीस कुतुबमिनाराच्या उंचीवर दहा वेळां नेण्यासारखें आहे. येथें गियरांचा उपयोग कळतो. समजा, पायड्याच्या चक्रास ४८ दांते व मागील चक्रास १६ दांते असले, तर पायड्याच्या एका फेऱ्यांत मागचें चाक तीनदां फिरेल. दोहोंस २८ दांते असले तर एकदांच फिरेल. दुसऱ्या रीतींत वाट हळू सरते, पण पायांवरील भारही तिपटीनें उतरतो. ज्यांच्या सायकलीस गियर नाहींत त्यांनीं उतरून चालावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

चढण्यापेक्षां उतरणें अधिक धोक्याचें. चढतांना जी शक्ति खर्ची पडली ती उतरतांना वेगाच्या रूपानें परत येते, व ब्रेक लावला म्हणजे तिची उष्णता होते. ब्रेक सतत दाबून धरला तर कडी तापून ट्यूब फुटण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, थोडे दाबावे व सोडावे. वळणापूर्वींच वेग आवरावा. मधून मधून थांबावें. मेळघाट हा १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. त्यामुळें ऊन कलण्यापूर्वींच घाट उतरलेला असावा.

ऋतूची निवडही महत्त्वाची. पावसाळ्यांत काळी माती चाकांस अशी लगडते कीं सायकलच खांद्यावर घ्यावी लागते, आणि मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा काळ. ट्यूब, पंप, पाना व ठिगळांचें सामान जवळ असावें, कारण बाभळीच्या कांट्यापासून वऱ्हाडांत कोणाची सुटका नाहीं.

१९२३ सालीं मुंबईहून निघालेले आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं परतले. आमच्या विद्यार्थ्यांनीं तितकें दूर जावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मोटारीच्या कांचेंतून जो प्रांत एकसारखा भासतो, त्यांत कोठें पाणी गोड व कोठें खारें, आणि कोणाच्या घरीं माठ भरलेला व कोणाच्या घरीं रिता, हें सायकलीच्या गतीनेंच कळतें. पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, धोका शून्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तो कोठें आहे हें आम्ही आतां जाणतों, व मुलांसही तें शिकवितों. गेल्या दिवाळींत त्याच गांवावरून जातांना आमची मुलें त्या दारीं थांबलीं. प्रत्येकानें आपल्याजवळचें एकेक लिटर पाणी त्या माठांत ओतलें, आणि मगच पुढें पायडा मारला.