पेजेतले पदार्थविज्ञान

नागपुरात नवतपा लागतो तेव्हा लग्नसराई पुरती संपलेली नसते. ४५ अंशांच्या उन्हात दुपारी केलेली बासुंदी रात्रीच्या पंगतीपर्यंत तशीच बाहेर राहिली, तर तिच्यात स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात. हे विष उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून बासुंदी पुन्हा तापवून उपयोग नाही. काही तासांत उलट्या, जुलाब सुरू! घरातली वडील माणसे म्हणतात, "पेज द्या." पण पेजच का? बाटलीतले शीतपेयही पातळ आणि गोडच असते की!

उत्तर परासरणात आहे. काकडीच्या कापांवर मीठ भुरभुरले की पाणी सुटते, हे तुम्ही पाहिले असेल. आतड्याच्या भिंतीतूनही पाणी असेच जास्त संहत द्रावाकडे जाते. मात्र ही संहती कणांच्या संख्येने मोजायची, वजनाने नव्हे. रक्तद्रवाच्या एका लिटरात सुमारे २९० मिलिमोल कण असतात. आता वहीत हिशेब करा. लिटरभर शीतपेयात सुमारे १०० ग्रॅम साखर, तिचा रेणुभार ३४२. म्हणजे २९२ मिलिमोल. आतड्यात प्रत्येक रेणूचे दोन तुकडे होतात. झाले ५८४! रक्ताच्या दुप्पट. मग पाणी शरीरात शिरण्याऐवजी उलटे आतड्यात ओढले जाते.

पेजेतले पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची माळ. वजन भरपूर, कण नगण्य. पाचकरस ही माळ हळूहळू तोडतात आणि सुटलेला मणी आतड्याची भिंत लगेच उचलते. ग्लुकोजबरोबर सोडियमचे आयनही आत जातात व त्यांच्यामागून पाणी. ग्लुकोज-सोडियमची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. तेव्हा पेजेत मीठ हवेच. लिटरला अर्धा सपाट चहाचा चमचा, जास्त नको.

या जोडीची खरी कसोटी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत लागली. कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांतून पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे कॉलऱ्यासाठी तांदळाच्या पिठाचे द्रावणही वापरात आले, आणि त्याने जुलाब कमी होतात असे दिसले.

उलटी होत असेल तर पेज चमच्याचमच्याने द्यावी. पोट जरा स्थिरावले, की मऊ भात, मुगाचे पातळ वरण, केळे. उपाशी ठेवू नये. आतड्याच्या पेशी चार-पाच दिवसांत नव्या होतात आणि त्यांनाही अन्न लागते. दूध पचवणारे विकर या पेशींच्या टोकांवर असते, म्हणून काहींना थोडे दिवस दूध सोसत नाही; ताक चालते. तेलकट पदार्थ जठरात रेंगाळतात, तेव्हा सावजी रस्सा तूर्त शेजाऱ्यांना द्या!

मात्र शौचात रक्त दिसले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, किंवा रोगी तान्हे मूल अथवा वृद्ध असेल, तर पेजेवर विसंबून न राहता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.