पहिल्या उड्डाणाआधी विमानाला सावरायला शिकवा! आरसी विमानात गायरो रिसीव्हर कसा बसवाल?

मोकळ्या मैदानावर घिरट्या घालणारे छोटेसे आरसी विमान दिसले, की लहान-मोठे सगळेच मान वर करून बघत राहतात. पण हौसेने विमान विकत आणणाऱ्या किंवा फोमशीट कापून घरीच बनवणाऱ्या अनेकांचे पहिले उड्डाण अर्ध्या मिनिटात संपते. वाऱ्याचा एक झोत येतो, पंख कलतो, घाबरून स्टिक जास्त ओढली जाते आणि कित्येक दिवसांची मेहनत मातीत जाते.

अशा वेळी मदतीला येतो स्टॅबिलाइज्ड रिसीव्हर, म्हणजेच हौशी मंडळींच्या भाषेत ‘गायरोवाला रिसीव्हर’.

हा नेमके काय करतो?

साधा रिसीव्हर तुमच्या रिमोटचा संदेश सर्वो मोटरपर्यंत पोहोचवतो, बस्स. स्टॅबिलाइज्ड रिसीव्हरमध्ये याशिवाय गायरो आणि अॅक्सिलरोमीटर हे सेन्सर असतात. विमान किती वेगाने वळतेय हे गायरोला कळते आणि जमिनीच्या तुलनेत ते किती कललेय याचा अंदाज अॅक्सिलरोमीटरच्या मदतीने येतो. वाऱ्याने पंख ढकलला, की तुमचे बोट हलण्याआधीच रिसीव्हर सर्वो हलवून विमान सावरतो.

कल्पना मात्र जुनी आहे. १९१४ मध्ये पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या तरुण वैमानिकाने खऱ्या विमानात गायरो यंत्रणा बसवून दोन्ही हात वर करून दाखवले होते. त्याचा मेकॅनिक तेव्हा चक्क पंखावर चालत होता, तरीही विमान सरळ उडत राहिले! तेव्हाची ती अवजड यंत्रणा आज नखाएवढ्या चिपमध्ये मावते.

सेटिंग करा, पायरी पायरीने

१. आधी प्रोपेलर काढा. घरात सेटिंग करताना मोटर अचानक फिरली तर बोटे कापली जाऊ शकतात. मुले सोबत असतील तर हा नियम कधीच मोडू नका.

२. जागा नीट निवडा. रिसीव्हर विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ, विमानाच्या लांबीला समांतर आणि सपाट बसवा. वरची बाजू आणि पुढची दिशा मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपने तो घट्ट बसवा. तो हलत राहिला तर सेन्सरला वाटेल की विमानच हलतेय. दोन अँटेना असतील तर त्यांची टोके एकमेकांशी काटकोनात ठेवा.

३. रिमोटमध्ये नवे मॉडेल उघडा. सगळे ट्रिम शून्यावर ठेवा आणि रिसीव्हर बाइंड करा. डेल्टा पंख किंवा व्ही-टेल असेल तर बहुतेक वेळा मिक्सिंग रिसीव्हरच करतो, म्हणून रिमोटमधले मिक्सिंग बंद ठेवा. सिग्नल तुटला तर मोटर बंद व्हावी, असा फेलसेफही लावा.

४. गायरो बंद ठेवून स्टिक तपासा. विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली जायला हवा. एलिव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर, आणि रडर उजवीकडे दिला की रडर उजवीकडे.

५. विमान सपाट ठेवून कॅलिब्रेशन करा. हवेत सरळ उडताना विमान जसे असते, तसेच ते टेबलावर ठेवा. काही रिसीव्हर सहाही बाजूंवर ठेवून कॅलिब्रेट करावे लागतात.

६. आता गायरो चालू करून विमान हाताने हलवा.

- उजवा पंख खाली दाबा: उजवा एलेरॉन खाली, डावा वर.
- नाक वर उचला: एलिव्हेटर खाली.
- शेपटी डावीकडे ढकला: रडरही डावीकडे.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच! दिशा उलटी असेल तर गायरो विमानाला सावरण्याऐवजी आणखी कलवतो आणि उड्डाण केल्यावर काही क्षणांतच विमान जमिनीवर आदळते. इथे रिमोटमधले सर्वो रिव्हर्स वापरून उपयोग नाही. त्याने स्टिकची दिशा बदलेल, गायरोची चूक तशीच राहील. गायरोची दिशा रिसीव्हरच्या सेटिंगमधूनच बदला आणि मग चौथी व सहावी पायरी पुन्हा तपासा.

७. गेन कमी ठेवा. गेन म्हणजे गायरोने किती जोराने सावरायचे याचे प्रमाण. ते जास्त झाले तर विमान हवेत थरथरू लागते. वेग वाढला की ही थरथर आणखी वाढते, म्हणून कमी गेनपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा.

मैदानावर जाताना

बॅटरी जोडल्यावर काही सेकंद विमान अजिबात हलवू नका, कारण तेव्हा गायरो आपला शून्य ठरवत असतो. रेंज तपासा. गायरो बंद करण्याचा स्विच बोटाजवळ असू द्या. शक्य असल्यास जाणकार व्यक्तीकडून पहिले उड्डाण गायरो बंद ठेवून करून घ्या, ट्रिम जुळवा आणि पुरेशी उंची गाठल्यावरच गायरो चालू करा. उतरल्यावर सर्वोच्या तारा जुळवून रिमोटचे ट्रिम परत शून्यावर आणा.

गर्दी, रस्ते, विजेच्या तारा आणि विमानतळाचा परिसर टाळा. आपल्या देशात रिमोटवर उडणाऱ्या विमानांनाही ड्रोन नियम, २०२१ लागू होतात. त्यामुळे डिजिटल स्काय नकाशावर तुमचे मैदान कोणत्या झोनमध्ये येते हे आधी पाहा आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात ठेवा.

आणि हो, गायरो म्हणजे जादू नव्हे. चुकीचा गुरुत्वमध्य, कमी झालेला वेग किंवा संपत आलेली बॅटरी यावर त्याच्याकडे उपाय नाही. सायकल शिकताना मागून सीट धरणाऱ्या बाबांसारखाच तो आहे. हात बसला की मुलांना गायरो बंद करूनही उडवू द्या. त्या दिवशी विमान खऱ्या अर्थाने त्यांनी उडवलेले असेल!