बाबा, मी आणि सेकंडहॅण्ड जिप्सी

बाबा रिटायर झाले आणि घरात एकच प्रश्न, आता दिवसभर करणार काय? आयडिया ताईची. जुनी फोर बाय फोर घ्यायची आणि वीकेण्डला सगळ्यांनी मिळून ठीकठाक करायची!

चॉइस सोपा होता. मारुती जिप्सी १९८५मध्ये आली, २०१९मध्ये बंद झाली. लॅडर फ्रेम, लीफ स्प्रिंग, इलेक्ट्रॉनिक्सची कटकट कमी. १९९६च्या 'किंग'मध्ये १३०० सीसीचं इंजिन आलं, २०००मध्ये एमपीएफआय. आम्ही मुद्दाम त्याआधीची, कार्ब्युरेटरवाली घेतली. कारण? स्कूटरवर आयुष्य काढलेल्या बाबांना कार्ब्युरेटर अगदी पाठ!

तुम्हीही घेताय? मग चकचकीत पेंटला भुलू नका. सरळ गाडीखाली शिरा, चासी गंजलीय का बघा. फोर-व्हील आणि लो रेंज टाकून चालवा. आरसी तपासा. १५ वर्षांनंतर गाडी पास करून दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं.

आमची अजून अर्धी खोललेलीच आहे. पण पूर्वी फोनवर फक्त 'जेवलास का?' विचारणारे बाबा आता ऑफिसात फोन करतात, 'येताना गॅस्केट आणतोयस ना?'